सराउंड कॅलिब्रेशन तीनदा केलं, तीनदा वेगळी उत्तरं आली. कोणतं खरं धरायचं?

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

घरात सिनेमा बघायला ५.१ संच, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सब (फक्त खालचे स्वर, बास वाजवणारा सबवूफर), बसवून सहा महिने झाले. पुढे डावा-उजवा, मध्ये सेंटर, बाजूला दोन सराउंड आणि समोरच्या डाव्या कोपऱ्यात सब. खोली ४.५ मीटर लांब, ३.४ मीटर रुंद. रिसिव्हरबरोबर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राबरोबर, आलेला माइक जोडून ऑटो कॅलिब्रेशन आजवर तीनदा चालवलं. त्यात रिसिव्हर माइकने ऐकून प्रत्येक स्पीकरची पातळी आणि अंतर स्वतःच ठरवतो. सेंटरची पातळी पहिल्यांदा −१.५ डेसिबल आली, मग +१, आणि काल −३. सबचं अंतर तर कहरच आहे. टेप लावून मोजलं तर माझ्या जागेपासून सब ३.३ मीटरवर आहे, रिसिव्हर सांगतो ५.१.

पण आकड्यांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. बाबा ७२ वर्षांचे आहेत. सिनेमा लावला की दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला तो?" असं विचारतात. आवाज वाढवला की पुढच्याच प्रसंगात दणका बसतो, मग परत कमी करायचा. गेल्या आठवड्यात ते मध्येच उठले आणि "तुम्ही बघा, मला काही कळत नाही" म्हणून आत गेले. ते फार लागलं. त्यांच्याबरोबर बसून बघता यावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप केला होता.

मशीनने दिलेले आकडे ठेवू, की सगळं पुसून हाताने सेट करू? कुणी यातून गेलं असेल तर सविस्तर सांगा.

दुसरी_घंटा | सोमवार, रात्री १०:३१

माइक कशावर ठेवला होता?

मंद्रसप्तक | सोमवार, रात्री १०:४०

सोफ्याच्या पाठीवर, मागून उशीचा टेकू देऊन. तिन्ही वेळा.

मोजपट्टी | सोमवार, रात्री ११:२५

मग तीन उत्तरं येणारच. सोफ्याची पाठ आणि उशी माइकच्या अगदी लगत असतात. तिथून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो, आणि माइक दोन बोटं इकडेतिकडे झाला तरी वरच्या पट्टीचं चित्र पालटतं. कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड घ्या. माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा, टोक छताकडे, आणि सोफ्याच्या पाठीपासून किमान वीतभर पुढे. पंखा, एसी बंद. खोलीत कुणी थांबायचं नाही. बटण दाबून तुम्हीही बाहेर जा. बहुतेक यंत्रणा अंतर आणि पातळी पहिल्या जागेवरून ठरवतात आणि पुढच्या जागा फक्त इक्वलायझेशनसाठी (खालच्या-वरच्या स्वरांचा समतोल साधण्यासाठी) वापरतात. त्यामुळे पहिली जागा नीट निवडा आणि बाकीच्या तिच्या आसपास घ्या. सगळं एकदा झालं की लगेच पुन्हा करा. दोन्ही वेळचे आकडे अर्ध्या-एक डेसिबलच्या आत जुळले तर मापनावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आता ५.१ मीटरचं. तो आकडा चुकलेला नाही, कृपया टेपने मोजून "दुरुस्त" करू नका. रिसिव्हरला मीटर-फुटांशी काही देणंघेणं नाही, त्याला वेळ हवा असतो. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटीमीटर. सबच्या पोटातल्या फिल्टर आणि अँप्लिफायरमधून सिग्नल बाहेर पडायला काही मिलिसेकंद लागतात. तुमच्या सबला सुमारे पाच लागतात, आणि रिसिव्हरला वाटतं सब १.८ मीटर आणखी लांब आहे. ३.३ अधिक १.८ म्हणजे बरोबर ५.१. या एका आकड्यावरून मला उलट वाटतंय की तुमच्या मशीनचं वेळेचं गणित ठीक चाललंय.

नवखा_९ | मंगळवार, सकाळी ७:०५

मोजपट्टीताई, हे इतक्या सोप्या शब्दांत पहिल्यांदाच वाचलं. मी माझ्या सबचं अंतर टेपने मोजून बदललं होतं. आज संध्याकाळी परत जुनं घालतो. वाचनखूण साठवली.

कानसेन | मंगळवार, सकाळी ८:१८

माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडतो. यंत्राला आवाजाचा दाब कळतो, पण संवादातला हुंदका कळत नाही. मी पंधरा वर्षं कानानेच लावत आलोय. ओळखीच्या प्रसंगातला संवाद लावायचा, डोळे मिटायचे आणि माणूस पडद्याच्या मधोमध उभा आहे असं वाटेपर्यंत सेंटर कमीजास्त करायचा. सराउंडचं अस्तित्व जाणवता कामा नये, पण बंद केले की खोली एकदम लहान वाटली पाहिजे. मंद्रसप्तक, तुमच्या वडिलांना ऐकू येत नसेल तर सेंटर सरळ ३ डेसिबल वाढवा. माइक कपाटात ठेवा.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी ९:०२

कानसेन, शेवटच्या वाक्यांशी असहमत. कान तुलना उत्तम करतो, पण त्याला सवय फार पटकन लागते. पंधरा मिनिटं जास्त बास ऐकला की तोच बरोबर वाटू लागतो. आणि आवाजाच्या पातळीनुसार कानाचं मापही बदलतं. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच दाखवून दिलंय: आवाज हळू केला की खालचे स्वर वरच्यांपेक्षा खूप जास्त मंदावतात. रात्री हळू आवाजात कानाने लावलेला सब दुसऱ्या दिवशी मोठ्या आवाजात भिंती हलवतो. मंद्रसप्तक यांचं "आवाज वाढवला की दणका" हे त्यातलंही असू शकतं.

तंबोरा | मंगळवार, सकाळी ९:४७

दोघांनाही एक सांगावंसं वाटतं. मी तानपुरा जुळवतो तेव्हा आधी खुंटी पिळतो, मग मणी सरकवतो. खुंटीने स्वर जवळ येतो, मण्याने तो जागेवर बसतो. मण्याने खुंटीचं काम होत नाही आणि खुंटीने मण्याचं. अंतर, पातळी, क्रॉसओव्हर (कुठल्या स्वराखालचा बास सबकडे जायचा ती सीमा) ही खुंटीची कामं आहेत, ती माइकने करावीत. सेंटर एखादा डेसिबल वर, सब थोडा खाली, हा मणी. तो कानाने, आणि मुख्य म्हणजे ज्याला ऐकायचंय त्याच्या कानाने.

कानसेन | मंगळवार, सकाळी १०:१५

तंबोरा, हे मान्य. खुंटी माइकला दिली. मणी मात्र मी सोडणार नाही.

दुसरी_घंटा | मंगळवार, दुपारी १:३०

ऑटो झाल्यावर हाताने पडताळणी कशी करायची ते लिहितो, कारण ही पायरी बरेच जण गाळतात.

रिसिव्हरच्या मेनूत टेस्ट टोन असतो. पिंक नॉइज, लांबून धबधबा ऐकल्यासारखा. तो एकेका स्पीकरमधून फिरतो. हातात ध्वनिपातळीचा मीटर घ्या, त्यावर सी वेटिंग (खालचे स्वरही मोजणारं माप) आणि स्लो (सावकाश बदलणारा आकडा) लावा, कानाच्या उंचीवर धरा, हात अंगापासून लांब. घरच्या रिसिव्हरचा टोन साधारणपणे प्रत्येक स्पीकरला ७५ डेसिबल यावा अशा हिशेबाने असतो. आकडा ७५ येण्यापेक्षा सगळ्यांचा सारखा येणं महत्त्वाचं. पुढचे तीन अर्ध्या डेसिबलच्या आत जुळले पाहिजेत, कारण गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच पुढे आल्यासारखी किंवा मागे गेल्यासारखी वाटली तर डोळ्यांपेक्षा कान आधी ओळखतात.

सबच्या टोनला मीटरची सुई डोलते. एका झटक्यात आकडा घेऊ नका, दहा-पंधरा सेकंद बघून मधला धरा.

नवखा_९ | मंगळवार, दुपारी २:१०

मीटर नाही. फोनवरचं ॲप चालेल?

दुसरी_घंटा | मंगळवार, दुपारी २:२२

पाच स्पीकरांची आपापसात तुलना करायला चालेल. फोन एकच, जागा एकच, धरण्याची पद्धत एकच ठेवा. दाखवलेल्या आकड्यावर विसंबू नका, फरक बघा. सबसाठी मात्र नको. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालच्या स्वरांना तो नीट दाद देत नाही.

प्रतिध्वनी | मंगळवार, दुपारी ४:४०

ज्यांना खोलात जायचंय त्यांच्यासाठी: आरईडब्ल्यू हे खोलीतला आवाज मोजणारं मोफत सॉफ्टवेअर आणि स्वतःची कॅलिब्रेशन फाइल असलेला यूएसबी माइक. २० हर्ट्झपासून पुढचा आलेख डोळ्यांसमोर येतो. पहिल्यांदा स्वतःच्या खोलीचा आलेख पाहिला तेव्हा वाटलं माइक बिघडलाय, इतके डोंगर आणि दऱ्या. सगळ्या खोल्यांचं असंच असतं.

आणि मंद्रसप्तक, स्पीकर लार्ज आहेत की स्मॉल, ते मेनूत बघा. ऑटोने बहुधा पुढचे दोन लार्ज केले असतील.

मंद्रसप्तक | मंगळवार, रात्री ९:०५

हो, पुढचे दोन लार्ज, बाकी स्मॉल. पुढचे उभे टॉवर आहेत, लार्जच असायला हवेत ना?

प्रतिध्वनी | मंगळवार, रात्री ९:३८

नावाने फसगत होते. लार्ज म्हणजे "सगळा बास याच स्पीकरला द्या", स्मॉल म्हणजे "ठरावीक स्वराखालचा बास सबकडे वळवा". स्पीकरच्या उंचीशी याचा संबंध नाही. टॉवर स्मॉल करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवून बघा. ८० हा सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्स कंपनीनेही घरगुती संचांसाठी धरलेला आकडा आहे. त्याखालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा ओळखता येत नाही, आणि टॉवरच्या अँप्लिफायरवरचा भार हलका होतो. एक पथ्य पाळा: ऑटोने एखाद्या स्पीकरला १०० दिला असेल तर १२० करायला हरकत नाही, पण ६० करू नका. जिथे स्पीकर पुरा पडत नाही असं मापनात दिसलं, तिथेच त्याला ढकलाल.

सबच्या पाठीवर स्वतःचा क्रॉसओव्हरचा खटका किंवा बटण असेल तर ते एलएफई (सबची स्वतःची गाळणी बंद) किंवा सगळ्यात वरच्या आकड्यावर न्या. गाळणी रिसिव्हरची, एकच पुरे.

खर्जातला | मंगळवार, रात्री १०:५५

सबचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. मंद्रसप्तक, दोन गोष्टी सांगा. सबच्या पाठीवरचं गेनचं (सब किती जोरात वाजेल त्याचं) बटण कुठे आहे? आणि ऑटोने सबची पातळी किती दिली?

मंद्रसप्तक | बुधवार, सकाळी ६:५०

गेन घड्याळातल्या ३ वर. सुरुवातीला १२ वर होता, पण माझ्या जागेवर बास फिका वाटायचा म्हणून वाढवला. ऑटोने पातळी −१२ दिली आहे.

खर्जातला | बुधवार, सकाळी ८:३०

हे बघा, सापडलं! −१२ हा बऱ्याच रिसिव्हरमध्ये शेवटचा आकडा असतो. म्हणजे तो सांगतोय, "मला आणखी कमी करायचा होता, पण माझ्याकडे जागा उरली नाही." तुमचा सब खरं तर मापाबाहेर जोरात वाजतोय. गेन इतका खाली आणा की ऑटोने दिलेली पातळी −६ ते ० च्या मध्ये कुठेतरी पडेल.

आता जागा. सब कोपऱ्यात ठेवू नये असं नाही, कोपऱ्यात तो जोरकस वाजतो. पण खोलीचे मोड (भिंतींच्या मध्ये घुमणारे ठरावीक खालचे स्वर) तिथून सगळ्यात जास्त उठतात. जागा शोधायची रीत अशी: सब उचलून तुमच्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवा. खालच्या स्वरांची सलग चाल असलेलं काहीतरी लावा. मग भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत जा, कान सबच्या उंचीवर ठेवून. एका जागी नुसती घुमघुम येईल, दोन हात पुढे गेलात की बास गायब होईल, आणि कुठेतरी प्रत्येक स्वर सुटा, सारख्या वजनाचा ऐकू येईल. तिथे खडूची खूण करा आणि सब तिथे ठेवा. आमच्याकडे मी रांगत होतो तेव्हा चार वर्षांची लेक मागोमाग रांगत आली आणि खिडकीखाली थांबून म्हणाली, "बाबा, इथे पोटात वाजतंय." सगळ्यात वाईट घुमणारी जागा नेमकी तीच होती.

ध्वनिलहर | बुधवार, सकाळी ११:२०

मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे वडिलांबद्दल लिहिते.

वय वाढतं तसे सहसा वरच्या पट्टीतले आवाज आधी मंदावतात. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, खालच्या पट्टीत असतात आणि त्यांत जोर असतो. स, श, त, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः २००० हर्ट्झच्या वरच्या भागात असते आणि त्यांची ताकद फार कमी. ‘साप’, ‘ताप’, ‘थाप’, ‘चाप’ हे चार शब्द म्हणून बघा. ‘आ’ आणि ‘प’ चारही ठिकाणी तेच, शब्द ठरतो तो पहिल्या व्यंजनावर. ते निसटलं की माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. बाबा "ऐकू येत नाही" असं न म्हणता "कळत नाही" म्हणाले, हे लक्षात घ्या.

दुसरं असं, की जोरदार खालचा स्वर त्याच्या वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. उलटं तितकंसं होत नाही. म्हणजे सब जास्त असेल तर व्यंजनं आधीच बारीक, त्यावर बासचं पांघरूण.

आणि एक प्रश्न. इतक्या प्रतिसादांत कुणी विचारला नाही. बाबा बसतात कुठे?

मंद्रसप्तक | बुधवार, दुपारी १२:०५

सोफ्याच्या उजव्या टोकाला त्यांची खुर्ची आहे. माझ्यापासून हातभर उजवीकडे, नेमकं सांगायचं तर ९० सेंटीमीटर. उजवा सराउंड त्यांच्या शेजारच्या भिंतीवरच आहे, कानाच्या उंचीला.

माइक एकदाही त्या खुर्चीवर ठेवला नव्हता. हे लिहिताना आत्ता लक्षात येतंय.

मोजपट्टी | बुधवार, दुपारी १:१५

ध्वनिलहर, नेमका प्रश्न विचारलात. मंद्रसप्तक, तुमच्या जागेपासून उजवा सराउंड आणि सेंटर किती लांब? तुम्ही रुंदीच्या मधोमध बसता का?

मंद्रसप्तक | बुधवार, दुपारी १:२२

सराउंड १.८ मीटर, सेंटर २.९. हो, बरोबर मधोमध. बाबांच्या खुर्चीपासून सराउंड सुमारे ९० सेंमी, सेंटर ३ मीटरच्या जरा वर.

मोजपट्टी | बुधवार, दुपारी २:५०

आता चित्र स्पष्ट झालं.

मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबल वाढतो. खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे पूर्ण ६ नाही, तरी ४-५ धरा. सेंटर मात्र बाबांना जवळपास तुमच्याइतकाच, अर्धा डेसिबल कमी. तुमच्या जागेवर सगळं समतोल लावलेलं असताना बाबांच्या कानाशी उजवा सराउंड ४-५ डेसिबल जास्त वाजतोय. पाऊस, गर्दी, पार्श्वसंगीत, सगळं त्यांच्या उजव्या कानात आणि संवाद लांब समोर. गर्दीत कुणी कानाशी बोलत असताना समोरच्याचं ऐकायचं म्हणजे जसं होईल, तसं.

याहून मोठी गोष्ट सबची आहे. खोलीची रुंदी ३.४ मीटर. ३४३ भागिले ३.४ ची दुप्पट म्हणजे सुमारे ५० हर्ट्झ. हा तुमच्या खोलीच्या रुंदीचा पहिला मोड. त्याचा दाब दोन्ही भिंतींशी सर्वाधिक आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुम्ही नेमके मध्यावर बसता, तिथे ५० हर्ट्झची दरी आहे. म्हणून तुम्हाला बास फिका वाटला आणि तुम्ही गेन वाढवलात. दरी भरली नाही, कारण तिथे लाटा एकमेकींना खोडतात, कितीही ओतलं तरी खोडल्याच जातात. तुम्ही ओतलेला सगळा ५० हर्ट्झ भिंतीकडे सरकलेल्या बाबांच्या खुर्चीत जमा झाला. ध्वनिलहर म्हणतात ते पांघरूण हेच.

मंद्रसप्तक | बुधवार, दुपारी ३:०८

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. मी माझ्यासाठी वाढवलेला बास त्यांच्या वाट्याला जात होता.

तंबोरा | बुधवार, दुपारी ३:३०

मनाला लावून घेऊ नका. सहा महिने प्रयत्न करणारा माणूस आहात. आता रस्ता दिसलाय.

नवखा_९ | बुधवार, संध्याकाळी ५:४५

जरा अवांतर: मला छतातले दोन लावून ५.१.२ करायचंय. आधी कॅलिब्रेशन शिकू की आधी लावू?

प्रतिध्वनी | बुधवार, संध्याकाळी ६:१०

आधी पाच नीट वाजू द्या. पाया वाकडा असेल तर छतातून पडणारा पाऊसही वाकडाच पडेल. वेगळा धागा काढा, तिथे कोनांबद्दल लिहीन.

शांत_खोली | बुधवार, रात्री ८:२०

वायर उलटी नाही ना, हेही तपासा. माझा डावा सराउंड दोन वर्षं लाल-काळी अदलाबदल होऊन वाजत होता. कॅलिब्रेशनने फेजची सूचना दिली होती, मी ‘पुढे चला’ दाबत गेलो. मागून येणारे आवाज जागेवर ठरायचेच नाहीत, डोक्याभोवती पसरल्यासारखे वाटायचे. मात्र काही स्पीकरांची आतली जोडणीच मुद्दाम उलट्या ध्रुवतेची असते आणि तारा बरोबर असूनही तीच सूचना येते. म्हणून सूचना आली की मागे जाऊन तारा डोळ्यांनी बघा, बरोबर असतील तर मगच पुढे चला.

कानसेन | बुधवार, रात्री ९:३३

वरचं सगळं वाचलं. मी "सेंटर सरळ ३ डेसिबल वाढवा" म्हणालो होतो. ते मागे घेतो. या परिस्थितीत त्याने संवाद वाढले असते, पण पांघरूण तसंच राहिलं असतं.

आता कामाचं. मंद्रसप्तक, सेंटर कपाटाच्या खणात आहे का? असेल तर पुढच्या कडेपर्यंत ओढा, शक्य तर केसभर बाहेर. खण आवाजाला पेटीसारखा घुमवतो आणि पुरुषी आवाज छातीत बोलल्यासारखे येतात. स्पीकर कानाच्या खाली असेल तर पुढच्या बाजूखाली रबराचे तुकडे घालून तोंड वर करा. बसून बघा, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा गोल) तुमच्याकडे बघतोय असं दिसलं पाहिजे. त्याचा आवाज सरळ रेषेत जातो, वाटेतून बाजूला झालात की ‘स’ आणि ‘श’ आधी जातात.

सराउंड कानाच्या उंचीवरून २ फूट वर न्या आणि तोंड बाबांकडे न ठेवता पलीकडच्या भिंतीकडच्या दूरच्या प्रेक्षकाकडे वळवा. जवळच्याला तो बाजूने लागेल, लांबच्याला सरळ. आपोआप बरंच समान होतं.

दुसरी_घंटा | बुधवार, रात्री १०:०२

+१. आणि रात्री हळू आवाजात बघत असाल तर रिसिव्हरमधलं डायनॅमिक रेंज कमी करणारं सेटिंग, काही ठिकाणी नाइट मोड म्हणतात, ते लावा. मोठे आवाज खाली येतात, बारीक वर. रिसिव्हरमध्ये ऑडिसी ही कॅलिब्रेशन यंत्रणा असेल तर तिचं डायनॅमिक ईक्यू हे सेटिंग बंद करूनही ऐका. हळू आवाजात ते बास आणि सराउंड दोन्ही उचलतं. इतरांना ते हवंसं वाटतं, पण बाबांच्या खुर्चीत नको असलेल्या नेमक्या त्याच दोन गोष्टी आहेत.

खर्जातला | बुधवार, रात्री १०:२०

सबबद्दल मोजपट्टीताईंच्या गणिताला पुरवणी. रुंदीचा मोड कोपऱ्यातून सगळ्यात जोरात उठतो आणि मध्यावरून जवळपास उठतच नाही. सब डाव्या कोपऱ्यातून पुढच्या भिंतीलगत जितका मधाकडे सरकेल तितका ५० हर्ट्झ शांत होईल. मधोमध जागा नसेल तर मीटरभर सरकवलात तरी फरक पडेल. रांगायचं मात्र दोनदा: एकदा सब तुमच्या जागेवर ठेवून, एकदा बाबांच्या खुर्चीवर.

मंद्रसप्तक | रविवार, सकाळी ११:४०

मंडळी, शनिवारचा पूर्ण दिवस घातला. जसं झालं तसं लिहितो.

सेंटर खणात १८ सेंटीमीटर आत होता. पुढे ओढला, खाली रबर घातलं. एवढ्यावरच, काहीही मोजायच्या आधी, बातम्या लावल्या तर निवेदिकेचा आवाज डब्यातून बाहेर आला.

दोन्ही सराउंड २ फूट वर नेले आणि उजव्याचं तोंड सोफ्याच्या डाव्या टोकाकडे वळवलं. तारा तपासल्या, सगळ्या बरोबर. सब दोन्ही जागांवर ठेवून रांगलो. दोन्हीकडून चांगली वाजणारी समाईक जागा निघाली ती डाव्या टॉवरच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यापासून ११० सेंटीमीटरवर. गेन ११ वर आणला. टॉवर स्मॉल, सगळ्यांना ८० हर्ट्झ.

मग तिपाई. पहिली जागा माझी आणि बाबांच्या खुर्चीची मधली घेतली, दुसरी बाबांची खुर्ची, मग माझी, मग आईची. पंखे बंद, सगळे बाहेर. लागोपाठ दोनदा केलं. सेंटर −२ आणि −२.५, म्हणजे जुळलं. सब −४.५ दोन्ही वेळा. सबचं अंतर टेपने २.९५, रिसिव्हर म्हणतो ४.७५. तेच १.८ परत! त्याला हात लावला नाही. मीटरने पडताळलं, पुढचे तिन्ही अर्ध्या डेसिबलच्या आत.

शेवटी मणी. बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं आणि रिमोट त्यांच्याच हातात दिला. त्यांनी सेंटर दीड डेसिबल वर नेला, उजवा सराउंड दोन खाली. मला माझ्या जागेवर उजवी बाजू किंचित हलकी वाटते. ती तशीच राहू दे.

रात्री एक जुना सिनेमा लावला. पावसाचा प्रसंग आला तेव्हा बाबा मान डावीकडे वळवून म्हणाले, "अरे, इकडूनही पाऊस पडतोय." सहा महिन्यांत त्यांना डावा सराउंड ऐकूच आला नव्हता. पूर्ण सिनेमात "काय म्हणाला तो" दोनदा आलं. त्यातलं एकदा मलाही कळलं नव्हतं.

ध्वनिलहर | रविवार, दुपारी १२:१५

वाचून खूप आनंद झाला. उजवी बाजू तशीच राहू दिलीत, ते फार आवडलं. तरीही त्यांची एकदा श्रवणतपासणी करून घ्या. खोली सुधारली, कानांची नोंदही हाताशी असू दे.

मंद्रसप्तक | रविवार, दुपारी १२:३०

हो, पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे. एकच राहिलंय: आईच्या जागेवर, डाव्या टोकाला, एक-दोन खालचे स्वर अजून थोडे फुगतात.

मोजपट्टी | रविवार, दुपारी १:०५

डावं टोकही भिंतीकडेच आहे, तोच ५० हर्ट्झ असेल. सब आणखी वीतभर मधाकडे सरकतो का बघा. सरकवलात तर कॅलिब्रेशन पुन्हा. सबवरचा फेजचा खटका ० आणि १८० दोन्ही लावून क्रॉसओव्हरच्या आसपास जिथे मीटर जास्त दाखवेल ते ठेवा.

खर्जातला | रविवार, दुपारी १:२०

आणि सरकवायच्या आधी आत्ताचे सगळे आकडे कागदावर लिहून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढचं कॅलिब्रेशन हे पुसून टाकेल. बाबांनी लावलेले दीड आणि दोन पण लिहा.